कानबाईचं धुवण

बेबाबाईला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं ती स्वतःच सांगायची, आणि ऐकणाऱ्यांत नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. एरंडोल तालुक्यातल्या त्या गावात केळीचे व्यापारी आले की पुरुष मंडळी भाव ठरवायची आणि बेबाबाई काट्यापाशी जाऊन उभी राहायची. कोणी काट्याखाली पाय लावला, कोणी आकडा खाऊन वाचला, की हिची हाक ट्रकच्या पलीकडे ऐकू जायची. एकदा एका व्यापाऱ्याने मोठ्या शहाणपणाने सांगितलं, अक्का, तुम्ही घरी जाऊन चहा टाका, इथलं आम्ही बघतो. हिने चहा काट्यापाशीच मागवला. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. नवरा रुपचंदसुद्धा चारचौघांत अक्काच म्हणायचा, म्हणजे बघा.

तर अशा या बाईच्या ताब्यात एकतीस वर्षं कानबाईचं सोनं होतं. रुपचंद आणि त्याचे तीन भाऊ, चौघांच्या घरची मिळून ही एक देवी, कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती रुपचंदच्या घरी बसायची, सोमवारी वाजतगाजत नदीला जायची. तिच्या अंगावर घालायच्या दोन पाटल्या आणि एकवीस पुतळ्यांची माळ, मिळून दहा तोळे. हे सोनं कोणा एकाचं नाही, चारही घरांचं. म्हणून सासूने रीत घालून दिली होती, की आदल्या शनिवारी चारही घरच्यांनी बसायचं, सगळ्यांसमोर सोनं तोलायचं, आणि मगच देवीच्या अंगावर चढवायचं. एकतीस वर्षांत काटा कधी गुंजभर हलला नव्हता.

सासूची दुसरीही एक रीत होती. देवीचे दागिने ज्या पाण्यात धुतले ते पाणी मोरीत टाकायचं नाही. ते झाकून ठेवायचं आणि सोमवारी विसर्जनाला सोबत न्यायचं. या रीतीची धाकट्या जावेला, सुनंदाबाईला, भारी गंमत वाटायची. "अक्काकडे मोरीच्या पाण्यालाबी पाहुणचार," असं ती दरवर्षी एकदा तरी बोलायची, आणि बेबाबाई दरवर्षी ऐकलं न ऐकलंसं करायची. सुनंदाबाईला ती सोन्याची पेटी आपल्या घरी हवी होती. गेली बारा वर्षं हवी होती. ती तसं तोंडाने कधी म्हणाली नाही, पण शनिवारी काटा स्थिर होईपर्यंत तिचे डोळे पारड्यावरून हलायचे नाहीत.

यंदा कानबाईच्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, बेबाबाई ओट्यावर बसून कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडत होती आणि समोर सून मोहिनी वह्या तपासत होती. मोहिनी शिरपूरची लेक. एरंडोलच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायची, सेमी इंग्रजीत. हातात लाल पेन आलं की ती सासूलाही भ्यायची नाही. तिने एका वहीवर फराटा ओढला तसं बेबाबाईने विचारलं, काय चुकलं लेकराचं?

मोहिनीने सांगितलं, की याने लिहिलंय, चहात साखर मेल्ट होते. साखर मेल्ट होत नाही, डिझॉल्व्ह होते. मग हातातली वही बाजूला ठेवून तिने सासूलाच धडा दिला. तूप चुलीशेजारी ठेवलं की पातळ होतं, ते मेल्ट. त्याला नुसती ऊब लागते, दुसरं कोणी लागत नाही, गार झालं की परत तुपाचं तूप. पण मीठ वरणात टाकलं की ते डिझॉल्व्ह. तिथे पाणी लागतं, पाणी त्याला पोटात घेतं. मीठ दिसेनासं होतं, पण जात कुठेच नाही. वरण आटवलं तर सगळंच्या सगळं परत मिळेल.

"आमनाकडे तूपबी इरघयस अन् मीठबी इरघयस," बेबाबाई आपल्या अहिराणीत म्हणाली, जिथे वितळणं आणि विरघळणं दोन्हीला एकच शब्द. "बठ्ठं इरघयनंच शे. अर्धा मार्क दे त्या लेकराला."

मोहिनीने दिला नाही. बेबाबाईने सुपातला एक खडा नेम धरून अंगणात फेकला आणि म्हणाली, की एवढ्या बारीक फरकाने कोणाचं काय अडतं? साखर गोड लागली म्हणजे झालं. मोहिनी हसली आणि पुढची वही घेतली. सासू-सुनेचं हे असं रोजचंच होतं. दोघींनाही त्याची सवय होती, आणि खरं सांगायचं तर हौसही होती.

गुरुवारी दुपारी घरात बेबाबाई एकटी होती. मोहिनी शाळेत, रुपचंद केळीत, मुलगा हितेंद्र जळगावला नोकरीवर. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघे आले. एक गाडीवरच बसून राहिला, दुसरा अंगणात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात फीत लावलेलं ओळखपत्र, हातात कंपनीची पत्रकं. भांडी, चांदी, सोनं, सगळं उजळून देतो, पन्नास रुपये, आवडलं तरच द्या. त्याने आधी फुकटात समई घासून दाखवली. मग बेबाबाईची जोडवी. जोडवी अशी चकाकली की बेबाबाईला रविवारच्या कानबाईची आठवण झाली.

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार बाई, तिला कळू नये? अहो, हुशारीनेच तर घात केला. तिने मनाशी हिशेब केला, की मी याच्या समोर बसणार, डोळ्याची पापणी लवू देणार नाही, माझ्या नाकाखालून हा काय नेणार? तिने त्याला बाह्या कोपरापर्यंत वर करायला लावल्या. पिशवी अंगणात ठेवायला लावली. पुतळ्या त्याच्यासमोर मोजल्या, एकवीस. तो म्हणाला, अक्का, एवढी गावं फिरलो, पण तुमच्यासारखी पारखी बाई पाहिली नाही. आणि बेबाबाईला ते ऐकून बरं वाटलं. माणसाला बरं वाटलं की त्याची नजर थोडी ढिली पडतेच.

त्याने आपला प्लास्टिकचा टब काढला, त्यात बाटलीतलं औषध ओतलं आणि दागिने सोडले. नाकात झोंबणारा वास सुटला. बेबाबाई दोनदा शिंकली, पण जागची उठली नाही. तो लाकडी काडीने दागिने हलवत राहिला, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, आणि गोड गोड बोलत राहिला. मग तिच्याच डब्यातली हळद मागून घेतली आणि पाण्यात टाकली, म्हणाला, हळदीने सोनं खुलतं. पाणी पिवळंजर्द झालं. दागिने बाहेर काढून साध्या पाण्यातून घेतले, पुसले, तिच्या हातात दिले. पाटल्या दोन. पुतळ्या एकवीस. बेबाबाईने दोनदा मोजल्या. तिची सगळी राखण दागिन्यांवर होती, त्याच्या बोटांवर होती, बाह्यांवर होती. पाण्यावर नव्हती. पाण्यावर कोण पहारा ठेवतं?

मग त्याने टबातलं पाणी ओतून न्यायला कॅन पुढे ओढला, आणि बेबाबाई म्हणाली, थांब.

देवीच्या दागिन्याचं धुवण घराबाहेर जात नाही, तिने सांगितलं. सोमवारी नदीला जाईल, तोवर इथेच राहील. तो हसला. मग म्हणाला, अक्का, हे विषारी असतं, कंपनीचा नियम आहे, परत न्यावं लागतं. बेबाबाई म्हणाली, तुझ्या कंपनीचा नियम तुझ्या कंपनीत, माझ्या सासूचा नियम माझ्या घरात. तो अजीजीने बोलला, मग जरा चढ्या आवाजात बोलला. तिथे मात्र त्याने गाठ चुकीच्या माणसाशी घातली होती. बेबाबाईने टब दोन्ही हातांनी उचलला आणि लोणच्याच्या रिकाम्या चिनी मातीच्या बरणीत पाणी ओतून मोकळी झाली. एक शिंतोडा पदरावर उडाला. शेजारच्या दारातून दोन बाया डोकावल्या, गाडीवरच्याने हॉर्न वाजवला, आणि तो माणूस पन्नास रुपयेसुद्धा न मागता चालता झाला.

बेबाबाई खूश. दागिने लखलखीत, पन्नास रुपये वाचले, आणि वर सासूची रीत पाळली. तिने बरणीवर ताटली झाकली आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

शुक्रवारी दुपारी सगळी कामं उरकल्यावर तिने सासूचा छोटा काटा काढला. शनिवारच्या आधी एकदा घरच्या घरी तोलून बघायची तिची सवय होती, गरज म्हणून नव्हे, नुसतं समाधान म्हणून. एका पारड्यात वजनं ठेवली, दुसऱ्यात सोनं. वजनांचं पारडं खाली बसलं ते बसलंच.

तिने पंखा बंद केला. पारडी पदराने पुसली. पुन्हा तोललं. मग वजनं एकेक करून उतरवत गेली, तेव्हा कुठे दांडी सरळ झाली. आठ तोळे दहा मासे. एक तोळा दोन मासे सोनं कमी होतं. तिसऱ्यांदा तोललं, तेवढंच. तिने माळ उजेडात धरली. पुतळ्यांवरच्या लक्ष्मीचे नाकडोळे पुसट झाले होते. पाटल्यांची नक्षी बोथट लागत होती. आणि पदरावर जिथे शिंतोडा उडाला होता तिथे बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

बेबाबाई भिंतीला टेकून बसली. उद्या चार घरची माणसं या सतरंजीवर बसतील, काटा लागेल, आणि मग? एक तर म्हणतील, हिने घेतलं. नाहीतर म्हणतील, हिला फसवलं. यातलं जास्त वाईट कुठलं, हे तिला ठरवता येईना. चोर म्हटलं तर निदान भांडता येईल. भोळी म्हटलं तर काय करायचं? ट्रकच्या पलीकडे ऐकू जाणारी ती हाक, काट्यापाशी मागवलेला चहा, सगळं लोक आठवून आठवून हसतील. आणि सुनंदा काहीच बोलणार नाही. नुसती पेटीकडे हात पुढे करेल.

तिने बोटातल्या स्वतःच्या दोन अंगठ्या काढल्या आणि पारड्यात टाकल्या. दांडी हलली. अजून थोडं घातलं, कानातलं घातलं, तर भागलं असतं. एरंडोलचा रतिलाल सोनार घरचा माणूस, त्याला सांगितलं असतं तर त्याने ते पाटल्यांना आतून बेमालूम जोडून दिलं असतं, हूं का चूं केलं नसतं. बेबाबाईने समोर पाहिलं. कानबाईसाठी मांडलेला पाट रिकामा होता. तिने अंगठ्या परत बोटात घातल्या. चार घरांना फसवता आलं असतं हो, पण परवा त्या पाटावर जी बसणार होती तिच्या गळ्यात ती माळ कोणत्या हाताने घालायची?

पाच वाजता मोहिनी आली. बेबाबाईने तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, त्या मेल्याचं औषध कडक होतं, त्याच्या गरमीने सोनं इरघयलं आणि उडून गेलं.

"त्याने जाळ केला होता का अक्का?" मोहिनीने विचारलं.

नाही, बेबाबाई म्हणाली. काडेपेटीसुद्धा पेटवली नाही.

मोहिनी सासूसमोर खाली बसली. वर्गात बोलते तशा आवाजात ती बोलू लागली, आणि बेबाबाईने आयुष्यात पहिल्यांदा तिला मध्ये तोडलं नाही. सोनं वितळायला रतिलालकाकांचा भाता लागतो, मोहिनीने सांगितलं, हजार डिग्रीच्या वरचा जाळ. तुमच्या ओट्यावर, प्लास्टिकच्या टबात, सोनं कसं वितळेल? टबच नसता का आधी वितळला? आणि वितळलं असतं तर थेंब खाली पडला असता, तुमच्या नजरेतून सुटला नसता. "हे मेल्ट नाही अक्का. हे डिझॉल्व्ह आहे. तेजाबात सोनं विरघळतं, वरणातल्या मिठासारखं. ते दिसत नाही, पण गेलेलं नसतं. त्या पाण्यातच असतं. म्हणून हे लोक पाणी सोबत नेतात आणि घरी जाऊन त्यातून सोनं काढतात." मग तिचा आवाज पडला. "पाणी तो घेऊन गेला असेल ना?"

बेबाबाई उठली, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात गेली, आणि दोन्ही हातांनी बरणी उचलून सुनेच्या पुढ्यात आणून ठेवली.

मोहिनीने ताटली उचलून आत पाहिलं. मग कपाळाला हात लावून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बेबाबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, आधी सांग, परत निघेल का?

निघेल, मोहिनी म्हणाली, पण या पाण्यात दुसरं औषध घालावं लागेल. आणि नंतर ते पाणी नदीत टाकता येणार नाही. चुना घालून त्याचा कडकपणा मारायचा आणि बांधाशी खोल खड्ड्यात पुरायचं, नाहीतर नदीतली मासोळी मरेल.

इथे बेबाबाई अडली. देवीचं धुवण, त्यात भलतंसलतं कालवायचं, आणि नदीलाही न्यायचं नाही? ज्या रीतीने सोनं राखलं तीच रीत मोडायची? सासू असती तर काय म्हणाली असती? बेबाबाईने थोडा वेळ त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. मग तिने नेहमीप्रमाणे स्वतःच निकाल दिला. कानबाईचं सोनं कानबाईला जायचं, ते पाण्यात पडून राहायचं नाही. आणि नदीची मासोळीही कानबाईचीच, तिला विष पाजून कुठली पूजा? "काढ," ती सुनेला म्हणाली.

लागणारी औषधं कुठून आणायची? तर तीही घरातच निघाली. मोहिनीने सांगितलं की हिराकस हवा, फेरस सल्फेट. रुपचंद नुकताच शेतातून येऊन पाय धूत होता. बायकोचं तोंड बघून काय झालं ते विचारायचंही धाडस त्याने केलं नव्हतं. त्याने मान वर करून सांगितलं, की केळीची पानं पिवळी पडली तेव्हा आणलेली अर्धी पिशवी गोठ्यात पडून आहे. आणि युरिया? युरियाचं तर विचारूच नका, म्हणाला.

परसात, उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन मोहिनी कामाला लागली. हातात रबरी मोजे, आणि डोळ्यांना जपायला डोक्यावर स्कूटीचं हेल्मेट, काच खाली ओढलेली. बेबाबाईला तिने दहा हात लांब उभं केलं, तर ती सरकत सरकत पाच हातांवर आली. आधी तेजाबाचा जोर उतरवायला चिमूट चिमूट युरिया. बरणीतून फेस वर आला तशी बेबाबाई ओरडली, दूध उतू जातंय असं वाटून. फेस बसला. मग मोहिनीने हिराकसाचे हिरवट खडे काचेच्या भांड्यात साध्या पाण्यात टाकून हलवले. खडे बारीक झाले, दिसेनासे झाले.

"हाई डिझॉल्व्ह," बेबाबाई पाच हातांवरून म्हणाली.

मोहिनीने हेल्मेटातून मान हलवली आणि ते पाणी बरणीत ओतलं. पिवळं पाणी बघता बघता काळपट झालं, गढूळ झालं, गिरणेच्या पुरासारखं. बेबाबाईचा चेहरा उतरला. आता रात्रभर हलवायचं नाही, एवढंच मोहिनी म्हणाली.

शनिवारी सकाळी बेबाबाईने चहाच्या आधी बरणी बघितली. वरचं पाणी निवळलं होतं. तळाशी गाळ बसला होता, तपकिरी, मऊ, अगदी नाकात ओढायच्या तपकिरीसारखा. मोहिनीने वरचं पाणी हलकेच काढलं, गाळ चार वेळा धुतला, कागदावर वाळवला. जेमतेम एवढीशी पुडी झाली. बेबाबाईने ती हातात घेतली आणि दचकली. पुडी केवढीशी, पण हाताला जड. केळीचा घड नुसता उचलून वजन सांगणारे ते हात होते, त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पुडी बांधता बांधता ती सुनेला म्हणाली, त्या लेकराला अर्धा मार्क दिला तर नाही ना? नाही, मोहिनी म्हणाली. मग देऊ नको, बेबाबाई म्हणाली, फरक असतो तर असतो.

तिने रतिलाल सोनाराला फोन करून सांगितलं, की दुपारी ये, आणि येताना मूस आणि जाळाचा पंप घेऊन ये. का ते सांगितलं नाही. मोहिनीने हळूच सुचवलं, की आधी सोनं वितळवून घेऊ, मग लोकांना बोलावू, म्हणजे बोलणं सोपं जाईल. बेबाबाईने साफ नकार दिला. चोरून फसले, आता चोरून सुधारू का? जे व्हायचं ते चौघांसमोर.

दुपारी चार घरची माणसं सतरंजीवर बसली. सुनंदाबाई नेहमीच्या जागी, पारड्याच्या समोर. बेबाबाईने पेटी उघडली, सोनं पारड्यात ठेवलं, वजनं ठेवली. वजनांचं पारडं खाली बसलं. दोघांतिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुनंदाबाईने पारड्यावरून डोळे उचलले आणि थेट जावेकडे बघितलं.

"मी फसनू," बेबाबाई म्हणाली.

एकतीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. रुपचंदने तर मान खालीच घातली. मग बेबाबाईने काही न लपवता सगळं सांगितलं. तो माणूस, त्याच्या बाह्या, त्याने केलेली स्तुती, आणि ती ऐकून आपल्याला बरं वाटलं तेही. हितेंद्रने जळगावहून फोन लावून पोलिसांत तक्रार दिली आहे, पण तो सापडेल तेव्हा सापडेल. मग तिने पुडी सोडून रतिलालपुढे ठेवली.

रतिलालने चष्मा लावला. तीन पिढ्या सोन्यात गेलेला माणूस, पण तो म्हणाला, अक्का, ही तर तपकीर आहे. कोणीतरी मागे फिसकन हसलं. वितळव, बेबाबाई म्हणाली. रतिलालने खांदे उडवले, गाळ मुशीत घातला, वर चिमूटभर टाकणखार टाकला आणि जाळ सोडला. तपकिरी गाळ आक्रसला, काळवंडला, लाल झाला. सगळे पुढे वाकले. आणि मग एका क्षणी त्या लालीतून एक थेंब गोळा झाला, मुशीच्या तळाशी हलला, आणि असा झळकला की रतिलालचा हात थांबला.

"हाई मेल्ट," बेबाबाईने सगळ्यांना समजावून सांगितलं.

गोळी गार झाल्यावर रतिलालने स्वतःच्या हाताने ती पारड्यात ठेवली. एक तोळा एक मासा. सगळं मिळून दहा तोळ्यांना एक मासा कमी. रतिलाल म्हणाला, हा मासा सोन्याचा नाही, तांब्याचा, हिणाचा. हीण पाण्यात राहिलं, चोख तेवढं परत आलं. यातून एक मोठी पुतळी पाडून माळेच्या मधोमध घालू, बावीस होतील. सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात, तसं झालं. रतिलाल बोलला म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, लोकांचे आवाज सुटले, कोणी मोहिनीला शाबासकी दिली, कोणी त्या पॉलिशवाल्याच्या सात पिढ्या काढल्या.

बेबाबाईने सोनं पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि पेटी सतरंजीवरून सरकवत सुनंदाबाईच्या पुढ्यात नेली. म्हणाली, सोनं परत आलं हे खरं, पण ज्याच्या हातून गेलं त्याच्या हातात पुन्हा ठेवायचं नसतं. बारा वर्षं तुझ्या मनात आहे. घे. पण पेटीवरचा तिचा हात काही लगेच निघेना.

सुनंदाबाई पेटीकडे बघत बसली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने हात पुढे केला, झाकणावर ठेवला, आणि तसाच ठेवून म्हणाली,

"तो मेला मना दारशे येता, ते मीबी फसतू. अन् मी ते पानी मोरीमा वती देतू, अक्का."

मग तिने पेटी परत सरकवली. पाहुणचाराची थट्टा कोणी केली होती ते तिला आठवत होतं, बेबाबाईलाही आठवत होतं, पण दोघींपैकी कोणी त्याचा शब्द काढला नाही. बेबाबाईने पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडली. त्याच पदराला भोक पडलं होतं, ते तिने अजून शिवलं नव्हतं. तिने जावेचा हात धरला, किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि वरून मूठ मिटवली.

"पेटी मनाकडे, किल्ली तुनाकडे," ती म्हणाली. "आन् आते ऊठ. रोटनं पीठ मळनं बाकी शे."